दिव्यातलं तेल कुणाचं?

आइसलंडमध्ये नाताळाच्या आधीच्या आठवड्याला एक खास नाव होतं : काड्यांचा आठवडा. व्यापाऱ्याकडे न्यायचे लोकरी मोजे, हातमोजे, सदरे या आठवड्यात हातावेगळे करायचे असत आणि त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी रात्री उशिरापर्यंत जागं राहणं भाग असे. ज्याचे डोळे मिटू लागत त्याच्या पापण्यांना लाकडाची किंवा माशाच्या काट्याची बारीकशी काडी अडकवत. डोळा मिटायला गेला की ती टोचे. या काड्यांनाही नाव होतं, 'वोकुस्तोयरार', म्हणजे जागरणाचे खांब. योनास योनासोन या पाद्र्याने आइसलंडच्या खेड्यांतल्या चालीरीतींची जी प्रचंड टिपणं करून ठेवली आणि जी त्याच्या मृत्यूनंतर १९३४ साली पुस्तकरूपाने आली, त्यांत या काड्या भेटतात.

आता दुसरं चित्र. डिसेंबर लागला की आपल्या मोबाइलवर जाडजूड स्वेटर दिसू लागतात. खिडकीबाहेर बर्फ, आत मंद पिवळा दिवा, मांडीवर पुस्तक किंवा हातात विणकामाच्या सुया. कडाक्याच्या थंडीत घरी बसून जोपासायच्या छंदांच्या याद्या येतात आणि पुण्यात पारा बारावर असतानाही आपण त्या वाचतो. मीही वाचतो, आणि लोकरीचे दोन गुंडे घेऊनही ठेवले आहेत. या याद्यांत आइसलंड हमखास असतो. नाताळच्या पूर्वसंध्येला एकमेकांना पुस्तकं द्यायची आणि रात्रभर वाचत बसायचं, ही तिथली पद्धत आता जगभर ठाऊक झाली आहे. (ती पद्धत तशी अलीकडची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली.) तिच्यामागचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते असं : शतकानुशतकं या देशात हिवाळ्याच्या लांब रात्री माणसं एकत्र बसून विणायची, कुणीतरी जुन्या वीरकथा मोठ्याने वाचायचं, आणि त्यातूनच हा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा देश घडला.

यात खोटं काही नाही. लोक खरंच बसायचे, विणायचे आणि ऐकायचे. फक्त एक प्रश्न त्यातून गळून पडला आहे. ती संध्याकाळ कुणाच्या मालकीची होती?

आधी थंडीबद्दल. आइसलंडची थंडी तापमापीवर वाटते तेवढी भयंकर नाही. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे रेक्याविकमध्ये जानेवारीची सरासरी शून्याच्या आसपास असते. रशियाच्या किंवा कॅनडाच्या मानाने ही थंडी सौम्यच. पण वाईट हिवाळे येत तेव्हा खरोखर वाईट येत. जानेवारी १९१८ मध्ये ईशान्येकडच्या ग्रिम्सस्तादिर इथे उणे ३८ अंशांची नोंद झाली. ती आजही त्या देशातली नीचांकी नोंद आहे. त्या महिन्यात रेक्याविकचं बंदर गोठलं आणि माणसं समुद्रावरून चालत समोरच्या विदेय बेटावर गेली. तरी जुन्या काळातली खरी अडचण पारा किती खाली गेला ही नव्हतीच. जाळायला लाकूड नाही, ही होती. वसाहत झाल्यावर काही पिढ्यांत माणसांनी आणि मेंढ्यांनी मिळून तिथली बर्चची रानं जवळपास संपवली. उरलं ते पीट, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या आणि किनाऱ्याला वाहून आलेली लाकडं. एवढ्या इंधनावर स्वयंपाक होई. खोली गरम करायला काही उरत नसे.

म्हणून घरं मातीची. गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून हातभर, कधी त्याहून जाड भिंती करायच्या, छपरावरही त्याच. घराच्या सगळ्यांत आतल्या भागात एक लांबट खोली असे, 'बाद्स्तोवा'. शब्दाचा मूळ अर्थ न्हाणीघर. कधीकाळी ती वाफेच्या स्नानासाठी तापवली जाणारी खोली होती. मग घरातली तेवढीच जागा उबदार म्हणून माणसं तिथे जमू लागली, पुढे तिथेच झोपू लागली, आणि शेवटी इंधनाअभावी ती तापवणंही थांबलं. नाव मात्र राहिलं. ऊब यायची ती माणसांच्या अंगाची. काही घरांत गोठा या खोलीच्या बरोबर खाली असे, म्हणजे गाईंची ऊबही फळ्यांच्या फटींतून वर येई. तिच्याबरोबर दुसरं काय काय येत असेल ते सांगायला नको.

दोन्ही भिंतींना लागून खाटा. एका खाटेवर दोन-दोन माणसं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांकडे. खाटेच्या कडेला पांघरूण घसरू नये म्हणून रात्री एक फळी लावत. या फळ्यांवर वेलबुट्टी आणि प्रार्थना कोरलेल्या असत, आणि आज त्या संग्रहालयांत मानाने मांडलेल्या दिसतात. दिवसा हीच खाट म्हणजे खुर्ची, जेवणाची जागा आणि कामाचं ठिकाण. जेवणही ज्याचं त्याने, झाकणाच्या लाकडी भांड्यातून, मांडीवर घेऊन. अशा घरात धनी, त्याची बायको, पोरं, म्हातारी माणसं, गडी, मोलकरणी, आणि परगण्याने ठेवून दिलेला एखादा निराधार माणूस, असे दहा-पंधरा जण हिवाळाभर एकमेकांच्या कुशीत असल्यासारखे राहत. छपराला एखाददुसरा झरोका असे आणि काच परवडायच्या आधी त्यावर जनावराच्या गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा ताणलेला असे. डिसेंबरात दक्षिणेलाही दिवस चार-सव्वाचार तासांचा. त्या पापुद्र्यातून किती उजेड येणार?

दुपार सरता सरता अंधार पडे, पण दिवा लगेच लागत नसे. दिव्यात जळायचं ते माशाच्या, बरेचदा शार्कच्या, यकृताचं तेल आणि वात असे ओलसर रानात उगवणाऱ्या कापशी गवताच्या बोंडांची. ही बोंडं उन्हाळ्यात बायका आणि पोरं वेचून ठेवत. तेल हा खर्चाचा मामला होता. म्हणून अंधार पडल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, घर तसंच काळोखात राही. मोठी माणसं या वेळात डुलकी काढत. तिला 'संधिप्रकाशातली झोप' असा स्वतंत्र शब्दच आहे. मुलं एखाद्या म्हातारीच्या भोवती जमत आणि ती भुतांच्या, खडकांत राहणाऱ्या अदृश्य लोकांच्या गोष्टी सांगे. योन आर्नासोन याने १८६२ ते १८६४ या काळात लोककथांचे जे दोन जाड खंड छापून आणले, त्यांतलं बरंच काही याच काळोखात तोंडातोंडी टिकून राहिलेलं होतं.

ही वेळ मला फार महत्त्वाची वाटते. उजेड नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून ती कुणाच्या हिशेबात नाही. आपण ज्याला फावला वेळ म्हणतो तो त्या घरात बहुतेक तेवढाच असावा. त्यात विणकाम नव्हतं, वाचन नव्हतं. होती ती झोप, आणि म्हातारीच्या गोष्टी.

मग धनी किंवा धनीण दिवा लावायला सांगे आणि 'क्वोल्दवाका' सुरू होई. शब्दशः संध्याकाळचं जागरण. शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून उतरवून, कत्तल आटोपून, हिवाळा लागला की ही जागरणं सुरू होत आणि वसंताची चाहूल लागेपर्यंत चालत. पुरुष बहुधा लोकर पिंजत किंवा घोड्याच्या केसांचे दोर वळत. बायका टकळीवर आणि अठराव्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू चरख्यावर कातत. आणि विणत सगळेच : पुरुष, बायका, सात-आठ वर्षांची पोरं. पोरांनाही आठवड्याचं काम ठरवून दिलेलं असे. विणलेले हातमोजे पाण्यात भिजवून, मळून, चोळून घट्ट करायचं काम वेगळं. त्या खोलीतल्या वासाचं वर्णन परदेशी प्रवाशांनी पुष्कळ केलं आहे आणि त्यात कौतुकाचा सूर नाही.

सुयांवरचं विणकाम तिथे पोचलं सोळाव्या शतकात, इंग्रज, डच आणि जर्मन व्यापाऱ्यांबरोबर. त्याआधी लोकरीचं कापड उभ्या मागावर विणत. मागाला जागा लागते, त्याच्यापुढे उभं राहावं लागतं. सुयांना काहीच लागत नाही. खाटेच्या काठावर बसलेलं पोरही विणू शकतं, चालता चालता बाईही विणू शकते. आमच्या धंद्यात एखादं तंत्र इतक्या झपाट्याने पसरलं की लोक त्याची सोय मोजतात, तिचा भार कुणावर पडला ते मोजत नाहीत. सुयांचं तेच झालं असावं. १६२४ या एका वर्षात आइसलंडमधून ७२ हजारांहून अधिक जोड्या पायमोजे आणि १२ हजारांहून अधिक जोड्या हातमोजे परदेशी गेले. पुढे १७०३ साली देशातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहून शिरगणती झाली. जगातल्या अशा पहिल्या शिरगणत्यांपैकी ही एक. तिच्यात लोकसंख्या भरली ५०,३५८. तेव्हा आकडे शेजारी ठेवून पाहा : पन्नास हजारांच्या आसपासचा देश, आणि स्वतःचे पाय झाकून वर माणशी जवळपास दीड जोडी मोजे बाहेर. प्रत्येक जोडीमागे लोकर धुणं, निवडणं, पिंजणं, कातणं आहेच, आणि विणणाऱ्या कुणालाही विचारा, सुयांआधीचं हे काम सुयांहून वेळखाऊ असतं. माल घ्यायचे ते डॅनिश व्यापारी. १६०२ ते १७८७ आइसलंडचा सगळा व्यापार डॅनिश राजाच्या परवान्याने चाले आणि ज्या जिल्ह्याला जो व्यापारी नेमून दिलेला त्यालाच माल विकावा लागे.

आता या खोलीत बसलेल्या गड्या-मोलकरणींकडे वळू. ज्याच्याकडे स्वतःची जमीन किंवा कुळवहिवाट नाही, त्याने कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने नोकरीला राहिलंच पाहिजे, असा तिथे कायदा होता. त्याची मुळं १४९० च्या एका निवाड्यात आहेत. पुढे तो कधी सैल तर कधी कडक झाला, १७८३ साली फारच कडक. खऱ्या अर्थाने ढिला झाला तो १८६३ मध्ये आणि नंतर १८९४ मध्ये. एकोणिसाव्या शतकात देशातला सुमारे चौथा हिस्सा माणसं अशा नोकरीत होती. मिळायचं काय, तर जेवण, झोपायला अर्धी खाट, कपडे आणि थोडीशी मजुरी. बाईची मजुरी पुरुषाच्या मानाने फारच थोडी. शिवाय घरातल्या एकेका पुरुषाची 'सेवा' एकेका मोलकरणीकडे लावून दिलेली असे : त्याचे ओले मोजे ओढून काढायचे, वाळवायचे, फाटलेलं शिवायचं, मेंढीच्या कातड्याचे जोडे दुरुस्त करायचे. पुरुषाचं पिंजण संपल्यावरही तिची संध्याकाळ संपत नसे.

नाताळाच्या मांजराची गोष्ट आता जगभर लहान मुलांच्या पुस्तकांत आली आहे. नाताळाला ज्याला नवा कपडा मिळालेला नाही त्याला हे भलंमोठं मांजर खाऊन टाकतं. नवा कपडा कुणाला मिळायचा? ज्याने आपल्या वाट्याचं लोकरीचं काम वेळेत संपवलं त्याला. आमच्या कंपन्यांत याला इन्सेन्टिव्ह म्हणतात, फक्त मांजर नसतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध, दिव्याच्या सगळ्यांत जवळ, वाचणारा. त्याला किंवा तिला कामातून सूट. खोलीतला चांगला उजेड त्याच्या वाट्याला, कारण बाकीच्यांचे हात न बघताही चालतात. आपल्याला जात्यावरच्या ओव्या आठवतील, पण तिथे दळणारीच गाते. इथे गाणारा वेगळा, राबणारे वेगळे. स्कॉटलंडचा धर्मोपदेशक एबेनेझर हेंडरसन बायबल वाटत फिरताना १८१४-१५ चा हिवाळा आइसलंडमध्ये राहिला. १८१८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात अशा संध्याकाळचं वर्णन आहे. तो सांगतो की वाचन मुकाट्याने ऐकलं जात नसे. मध्येच कुणी शंका काढे, कुणी टिप्पणी करे, पोरांना प्रश्न विचारून त्यांची परीक्षा घेतली जाई. हे वाचताना मला त्या खोलीबद्दल पहिल्यांदा मत्सर वाटला.

वाचत काय? सागा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपास लिहिल्या गेलेल्या वीरांच्या आणि कुळांच्या गद्य कथा. आणि 'रीमुर'. त्याच सागांचे किंवा परदेशी अद्भुतकथांचे विषय घेऊन रचलेली दीर्घ कथाकाव्यं, चार-चार ओळींच्या कडव्यांची, यमक आणि अनुप्रासाच्या कडक नियमांत बांधलेली. चौदाव्या शतकापासून विसाव्यापर्यंत हा प्रकार जिवंत राहिला आणि त्याच्या हजाराहून अधिक रचना ज्ञात आहेत. रीमुर वाचत नसत, एका विशिष्ट हेलात म्हणत. चांगलं म्हणणारे लोक हिवाळ्यात शेतावरून शेतावर फिरत आणि जेवणाखाणाच्या व झोपायच्या बदल्यात दोन-चार रात्री म्हणत. शेतकऱ्याला हे परवडे. पंधरा माणसं जागी राहतात, हात चालू राहतात आणि काड्या लागत नाहीत.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हीच माझ्या मते या इतिहासातली गोम आहे. साहित्यप्रेमाने दिवा लागत नव्हता. तेल जळायचं ते मोज्यांसाठी, आणि त्या उजेडाच्या कडेला साहित्य येऊन बसलं होतं. मालकाच्या हिशेबात रीमुर हे जागं ठेवण्याचं साधन होतं. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं आहे यावर मालकाचा ताबा नसतो. विणणाऱ्या मोलकरणीला हजार कडवी पाठ होत, ती त्यांच्यावर स्वतःची चार रचे, ती चार पुढच्या शेतावर पोचत. ब्यॉर्ग आयनार्सदोत्तिर ही अठराव्या शतकातली कवयित्री अशीच, मासेमारी करणारी, पुढे गावोगाव भटकणारी. तिच्या चार-चार ओळी लोकांनी तोंडपाठ ठेवल्या, आणि ती ज्याला चिडून कवन करी त्याचं वाईट होतं अशी ख्यातीही. लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जो दुष्काळ पडला, ज्यात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं दगावली, त्यात १७८४ साली तीही गेली.

मालक निश्चिंत होते, धर्मसत्ता मात्र नव्हती. १७४१ ते १७४५ या काळात लुद्विग हारबो हा डॅनिश धर्माधिकारी आइसलंडची धार्मिक स्थिती तपासत फिरला, आणि त्यानंतर १७४६ मध्ये राजाचे हुकूम निघाले. त्यातल्या गृहशिस्तीच्या हुकमात पाद्र्यांना बजावलं होतं की लोकांनी निरर्थक कथा आणि अश्लील रीमुर वाचू वा गाऊ नयेत यावर लक्ष ठेवा. त्याच सुमाराच्या नियमांनी पाद्र्यांवर घरोघर जाऊन मुलांना वाचता येतं का हे तपासण्याची आणि नोंदवण्याची जबाबदारी टाकली. परिणाम गमतीदार झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाचता येणं जवळपास सार्वत्रिक झालं. शाळा नव्हत्या, आया-आज्यांनी खाटेवर बसवून, एका हाताने विणकाम सांभाळत शिकवलं. शिकवलं प्रश्नोत्तरांचं धार्मिक पुस्तक वाचण्यासाठी. पोरांनी पुढे वाचलं ते मात्र ज्यावर बंदी होती तेच.

मग सुधारकांनी दुसरा मार्ग धरला. स्कालहोल्टचे बिशप हान्नेस फिन्सोन यांनी 'क्वोल्दवोकुर्नार १७९४' अशा नावाचं, म्हणजे 'जागरणं' याच नावाचं, पुस्तक लिहिलं. दोन भागांत ते १७९६-९७ मध्ये छापून आलं. बोधकथा, निसर्गाची माहिती, संवाद. आइसलंडी मुलांसाठी मुद्दाम लिहिलेलं हे आरंभीचं पुस्तक. हेतू उघड होता : जागरणाची जागा घ्या, त्यातली राक्षसांची आणि तलवारींची पोथी बाजूला सारा. पुस्तक वाचलं गेलं. पोथीही वाचली गेली.

रीमुरवरचा सगळ्यांत गाजलेला हल्ला मात्र धर्माचा नव्हता, कवीचा होता. योनास हाल्ग्रिम्सोन हा आइसलंडच्या रोमँटिक काव्याचा अध्वर्यू. कोपनहेगनमध्ये शिकताना त्याने मित्रांबरोबर 'फ्योल्निर' हे नियतकालिक काढलं आणि १८३७ साली त्यात सिगुर्दुर ब्रेद्फ्योर्द या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय रीमुरकाराच्या एका काव्याची चिरफाड केली. साचेबंद, चवहीन, राष्ट्राला लाज आणणारं, असा एकूण रोख. सिगुर्दुर पिंपं बनवायचा धंदा करी. १८४६ मध्ये तो रेक्याविकला हलाखीत वारला. वाङ्मयाच्या इतिहासात ही लढाई योनासने जिंकली. त्याची भाषा आज आइसलंडच्या शाळांत शिकवतात आणि त्याच्या जन्मदिवशी, १६ नोव्हेंबरला, भाषा दिन साजरा होतो. योनासचं म्हणणं साहित्य म्हणून बरंचसं बरोबर असेलही. रीमुरमधल्या ठरीव उपमा थकवतात. पण त्याने जी कविता कागदावर तपासली ती कागदासाठी नव्हतीच. ती चार तास पिंजण करणाऱ्या, झोप अनावर झालेल्या माणसांसाठी होती. त्यांना ओळखीची उपमा पुन्हा आली की हाताला ठेका सापडत होता. निकष चुकीचा लावला की चांगलं यंत्रही नापास होतं.

वाचनाचं झालं. लिहिणं ही वेगळी गोष्ट. वाचता आलं पाहिजे हा कायदा, पण लिहिता आलं पाहिजे असा कायदा नव्हता. मुलांना लिहिणं आणि अंकगणित शिकवलंच पाहिजे हा नियम १८८० साली झाला. तोवर गड्याच्या पोराने लिहायला शिकणं म्हणजे कामचुकारपणा समजला जाण्याची शक्यता जास्त. तरी ती शिकत. एखाद्या जुन्या पत्राची अक्षरं गिरवत, गोठलेल्या बर्फावर काडीने रेघोट्या ओढत. शाई रानातल्या एका झुडपाची पानं-फांद्या उकळून, लेखणी पिसाची. आणि लिहीत काय, तर पुन्हा सागा, पुन्हा रीमुर. देशात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत एकच छापखाना होता, तोही बिशपच्या हाती, आणि तिथे बहुतेक करून धर्मग्रंथ छापत. गोष्टी हव्या असतील तर हाताने उतरवून घ्या. म्हणून युरोपात छपाई रुळून तीन-चारशे वर्षं झाली तरी आइसलंडमध्ये हस्तलिखितांची परंपरा चालूच राहिली, थेट विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत.

जुन्या चर्मपत्रांचा संग्राहक आर्नी माग्नुसोन याची कीर्ती मोठी आहे. त्याला सापडलेल्या पानांपैकी एक पान कपड्याचा बेत म्हणून कापलेलं होतं, काही पानं बिशपच्या टोपीत कडकपणासाठी घातलेली होती. थंड देशात चामड्याला साहित्याहून मोठे उपयोग असतात. पण मला आर्नीपेक्षा सिग्वातुर ग्रिम्सोन जास्त जवळचा वाटतो. १८४० मध्ये गरीब घरात जन्म. मासेमारी आणि लहानशी शेती यांवर गुजराण. तरुणपणी पश्चिमेच्या फ्लाते बेटावर गिस्ली कोन्राद्सोन या म्हाताऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या इतिहासकाराच्या सहवासात तो आला आणि नक्कलकार झाला. मासे नसत, गवत नसे, तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात, तो लिही. स्वतःसाठी लिही आणि थोड्या पैशांत दुसऱ्यांसाठीही लिही. देशातल्या पाद्र्यांची चरित्रं त्याने खंडामागून खंड जमवली. १८६३ च्या सुमारास सुरू केलेली रोजनिशी त्याने १९३० मध्ये मरेपर्यंत लिहिली. साठाहून अधिक वर्षं, एक माणूस, एका थंड फ्योर्डच्या काठी. त्याचे कागद आज रेक्याविकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्यांच्यावर अलीकडे गंभीर संशोधन झालं आहे.

सिग्वातुरचं लिहिणं छंद होता की धंदा? दिवसाची आठ तास नोकरी करून रात्री स्वतःचा काहीतरी कोड लिहीत बसणाऱ्या माझ्या पिढीला हा प्रश्न ओळखीचा आहे. आम्हाला दोन्हींतली रेघ नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही. सिग्वातुरला ती ओढायची गरजच पडली नसावी. एक गोष्ट मात्र पक्की. तो शेतकऱ्याच्या घरचा बांधील गडी नव्हता. घर पडकं का असेना, त्यातल्या दिव्यातलं तेल त्याचं स्वतःचं होतं. हेच काम दुसऱ्याच्या खाटेवर बसून करू पाहणाऱ्यांच्या वह्या किती राहिल्या नाहीत, याची मोजणी कुठल्याच ग्रंथालयात होऊ शकत नाही.

हे सगळं संपलं फार लवकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे रॉकेलचे दिवे आले. उजेड वाढला आणि प्रत्येकाला स्वतःचं पुस्तक स्वतः वाचता येऊ लागलं, मग मोठ्याने वाचणाऱ्याची गरज कमी झाली. लोखंडी शेगड्या आल्या, माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसू लागली. बांधील नोकरीचा कायदा ढिला होताच गडी-मोलकरणी मासेमारीच्या गावांकडे निघाल्या, काही अमेरिका-कॅनडाला. १९०७ साली शाळा सक्तीची झाली. १९३० च्या डिसेंबरात सरकारी रेडिओ सुरू झाला आणि त्याने संध्याकाळच्या एका कार्यक्रमाला चक्क 'क्वोल्दवाका' हेच नाव दिलं. आणि गोलाकार नक्षीच्या खांद्यांचा तो जगप्रसिद्ध 'प्राचीन' आइसलंडी स्वेटर? तो लोकप्रिय झाला १९५० च्या दशकात. माझ्या आजीहून लहान आहे तो.

१९२१ मध्ये एलिदा नदीवरचं वीजकेंद्र सुरू झालं आणि रेक्याविकमध्ये विजेचे दिवे आले. त्याच शहरात १९२९ साली खेड्यांतून आलेल्या काही लोकांनी रीमुर म्हणणाऱ्यांची 'इदुन' नावाची मंडळी स्थापन केली. बटण दाबलं की उजेड, आणि तो मोज्यांच्या हिशेबात नाही. या माणसांनी लहानपणी बाद्स्तोव्यात ऐकलेल्या चाली एकमेकांना म्हणून दाखवायला सुरुवात केली. रीमुर म्हणताना समोर कुणी पिंजत बसलेलं नाही, असं त्यांच्यापैकी अनेकांना तेव्हाच प्रथम अनुभवायला मिळालं असेल. १९३५-३६ मध्ये मंडळीने दोनशे चाली तबकड्यांवर मुद्रित करून घेतल्या. त्या आता पुन्हा प्रकाशित झाल्या आहेत, ऐकता येतात. एकटाच आवाज, वाद्य नाही. चाल फारशी वर जात नाही की खाली येत नाही. कडव्याच्या शेवटचा स्वर तेवढा लांबवलेला, आणि लगेच पुढचं कडवं.